औषधांचे अंश मोजताना मराठवाड्याचे पाणीही मोजा

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत औषधनिर्मिती होते, आणि छत्रपती संभाजीनगरचे सांडपाणी खाम व सुखना या नद्यांत उतरते. या पाण्यातील औषधांच्या अंशांची नियमित तपासणी व्हायलाच हवी. मात्र ती करताना पाण्याचे रसायनशास्त्र दुर्लक्षिले गेले, तर अहवालातील ‘निरंक’ या शेऱ्यावर आम्ही विश्वास कसा ठेवावा?

आपले भूजल बेसॉल्टच्या खडकातून येते आणि अनेक गावांत ते जड असते. बोअरच्या पाण्याने बादलीवर धरणारा पांढरा थर घरोघरी दिसतो. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांना धरून ठेवतात. टेट्रासायक्लिनची गोळी दुधाबरोबर घेऊ नका, असे डॉक्टर सांगतात, त्यामागचे कारण हेच आहे. अशा नमुन्यात ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला स्वतःकडे बांधून घेणारे रसायन) न घालता औषध वेगळे काढायला गेल्यास त्याचा काही भाग हाती लागत नाही आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे दुखणे वेगळे: नदीच्या नेहमीच्या सामूला (पीएच) ते विद्युतभारित असते आणि पाण्यातून सहज वेगळे होत नाही, म्हणून प्रचलित पद्धतींत नमुना आधी आम्लधर्मी करून घ्यावा लागतो. शेवाळामुळे सकाळचा आणि दुपारचा सामूही सारखा राहत नाही, त्यामुळे नमुन्याची वेळ नोंदवणे ही केवळ औपचारिकता नव्हे.

सर्वांत मोठी अडचण सांडपाण्याची आहे. त्यातील विरघळलेले सेंद्रिय पदार्थ मास स्पेक्ट्रोमीटरमधील (रेणूंच्या वस्तुमानावरून औषध ओळखून मोजणारे उपकरण) औषधाचा संकेत दाबतात. ऊर्ध्वपातित पाण्यात अचूक ठरलेली पद्धत खामच्या पाण्यात फसू शकते. यावर उपाय माहीत आहे: त्याच नदीच्या पाण्यात औषधाची ठरावीक मात्रा मिसळावी, त्यातील किती परत मिळते ते पाहावे आणि समस्थानिक-अंकित मानकाच्या (जड अणू घातलेले, ओळखू येणारे तेच औषध) आधारे दुरुस्ती करावी.

प्रतिजैविकांच्या अंशांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्राने जानेवारी 2020 मध्ये काढला होता. ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा वगळल्या गेल्या. मर्यादाच नसताना चुकीचे मोजमाप प्रदूषण करणाऱ्याच्याच पथ्यावर पडते.

म्हणून विनंती अशी की, औषधांच्या प्रत्येक अहवालात सामू, काठिण्य, विरघळलेला सेंद्रिय कार्बन, नमुन्याची वेळ आणि परतप्राप्तीची (मिसळलेल्या औषधापैकी परत मिळालेल्या भागाची) टक्केवारी छापणे प्रदूषण नियंत्रण मंडळाला बंधनकारक करावे, आणि या नोंदी नसलेला ‘निरंक’ अहवाल ग्राह्य धरू नये.

आपला,
रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक,
छत्रपती संभाजीनगर