पोलीस आयुक्तांना खुले पत्र: एक मैदान, एक रविवार आणि अटींचा कागद

मा. पोलीस आयुक्त साहेब, बेळगाव शहर,
स. न. वि. वि.

गाड्यांच्या हौशी लोकांचा एक मेळावा बेळगावात रीतसर परवानगीने भरवायचा आहे. कार मीट म्हटलं की जो तो विचारतो, ‘रेस लावणार काय?’ विचारणाऱ्याचं चुकत नाही. रात्री हायवेच्या सर्व्हिस रोडवर काही पोरं काय करतात, ते आम्हीही बघतो. मोटार वाहन कायद्याचं शर्यतीविरुद्धचं कलम 189 अशांसाठीच आहे. ते लावा, आमची तक्रार नाही.

आम्हाला गाड्या उभ्या करून बघायच्या आहेत. उद्यमबागेसारखी कारखान्यांची वसाहत असलेल्या गावात या हौसेला वेगळा अर्थ आहे. जुन्या विलीज जीपचा बुश कुठंच मिळेना झाला की तो लेथवर करून देणारा माणूस इथं सापडतो. प्रीमियर पद्मिनीचा चोक किती ओढायचा, कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला की इंजिन कसं आचके देतं, हे जाणणारे मेस्त्री आता साठीपुढे गेलेत. त्यांच्यासोबत विशीतलं पोरगं बॉनेटवर वाकलेलं दिसावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप. 2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली. अशी गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला नेता येते. प्रदर्शनच भरलं नाही तर ती न्यायची कुठं?

गेटवर आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन्स आम्ही बघू. सायलेन्सर बदललेली गाडी बाहेरच राहील. (त्यावरून आमच्यातच वाजेल. वाजू दे.) आत शिरलं की इंजिन बंद. जुन्या गाड्यांखाली पुठ्ठे, कारण ऑइल गळणारच.

खरी भीती मेळावा सुटतानाची आहे. गेटबाहेर दहा जण मोबाइल धरून उभे असतात आणि मेळाव्यात शहाण्यासारखा वागलेला गाडीवालाही जाता जाता अ‍ॅक्सिलरेटर दाबून दाखवतो. म्हणून गाड्या पाच-पाच करून सोडू, मधे थोडा वेळ जाऊ देऊ आणि गेटसमोर शूटिंग करत कुणाला उभं राहू देणार नाही. त्या तासाभरासाठी दोन ट्रॅफिक पोलीस द्यावेत. जी फी बसेल ती भरू. टायर जागेवर घासून धूर काढणाऱ्याचा नंबर आम्हीच आपल्याकडे देऊ, मित्र असला तरी.

तारखेचं म्हणाल तर हलग्याला विधिमंडळाचं अधिवेशन असताना आपली माणसं बंदोबस्तात अडकलेली असतात, ते दिवस नकोत. 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिवसाच्या, आसपास नको, गणपतीत नको, आणि पावसात मैदानाचा चिखल होतो. उरलेल्यातला एक रविवार, सकाळी सात ते दहा. सीपीएड मैदानासारखी मोकळी जागा चालेल. हॉस्पिटलपासून लांब असली म्हणजे झालं.

एक विनंती सीमाभागातली म्हणून. निपाणीवरून कोल्हापूरच्या एमएच 09 गाड्या येतील, चोर्ला घाटातून गोव्याच्या येतील. त्यांची यादी आठ दिवस आधी देऊ. कागद मैदानाच्या गेटवर सगळ्यांचेच तपासा, आमच्या केए 22 चेही. पण नुसती पाटी बघून नाक्या-नाक्यावर थांबवलं तर पाहुणे पुन्हा यायचे नाहीत.

पोलीस, महापालिका, अग्निशमन आणि मैदानाचे मालक, या सगळ्यांच्या अटी एका कागदावर याव्यात, कन्नडमध्ये आणि मराठीतही. गेटवर उभे राहणारे आमचे स्वयंसेवक दोन्ही भाषांचे आहेत. अट मोडली तर पुढच्या वेळी परवानगी देऊ नका, हेही त्यातच लिहा. हा कागद लवकर हातात पडला तर वळीव सुरू व्हायच्या आत मेळावा उरकता येईल.

आपला,
टिळकवाडीतला एक गाडीवेडा