"काही काळ शिकवलं" म्हणजे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतला जॅझवाला क्लार्क टेरी, त्याच्यावरचा लेख वाचला. आधी खूप बरं वाटलं, आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या पेपरात एका ट्रंपेटवाल्यावर अर्धं पान येतं हे मी पहिल्यांदाच बघितलं, घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. दुपारी परत वाचला आणि मग डोकं फिरलं ते अजून जागेवर नाहीये, म्हणून आज दुकान उशिरा उघडून हे लिहितोय.

सगळा लेख काउंट बेसी, ड्यूक एलिंग्टन (ज्यांच्या जॅझ बँडमध्ये टेरी वाजवायचा), टीव्हीवरचा शो, ग्रॅमी पुरस्कार. आणि शेवटच्या परिच्छेदात एक ओळ, "उतारवयात त्यांनी काही काळ शिकवण्याचेही काम केले." काही काळ? उतारवयात? अहो तो माणूस बेसीच्या बँडमध्ये होता तेव्हाही शिकवत होता. सिएटलला असताना क्विन्सी जोन्स नावाचं शाळकरी पोरगं, पुढे मोठा संगीतकार झाला तो, त्याच्याकडे आलं, तर हा रात्री उशिरापर्यंत क्लबात वाजवायचा आणि पहाटे त्या पोराला शाळेआधी शिकवायला उठायचा. पुढे १९५९ ला एलिंग्टनचा बँड सोडून टेरी कुठे गेला तर याच क्विन्सीच्या बँडमध्ये, युरोपात वाजवायला. चेल्याच्या हाताखाली गुरू बसला, आणि हे तुमच्या लेखात नाही! जगप्रसिद्ध ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचं नाव तुम्ही दोनदा लिहिलंय, पण तो सेंट लुइसच्या भागातला पोरगा असताना टेरीने त्याला हात दिला हे एकदाही नाही.

टेरीच्या लहानपणीची गोष्ट मात्र तुम्ही छान लिहिली, बागेची नळी आणि नरसाळं जोडून त्याने ट्रंपेट बनवलं, आवाजाला कंटाळून शेजाऱ्यांनी वर्गणी काढून साडेबारा डॉलरचं जुनं ट्रंपेट घेऊन दिलं. पण त्याच्या पुढची खरी गोष्ट राहिली. पोरगा एका जुन्या वादकाकडे गेला, म्हणाला आवाज कसा सुधारू, तर त्याने मुद्दाम उलटंसुलटं सांगितलं, आरशासमोर बस, दात आवळ आणि कान हलव. पोराने बिचाऱ्याने तसं केलंही. हे त्याच्या मनात एवढं बसलं की मोठा झाल्यावर जो विचारेल त्याला खरं तेच सांगायचं त्याने ठरवलं. त्याचं शिकवणं तिथून सुरू झालं, म्हातारपणातून नाही.

मला हे एवढं का लागलं ते सांगतो. मी १९८३ ला पारोळ्याकडच्या एका बँडमध्ये होतो, वय सतरा. ट्रंपेट हातात दिलं होतं पण शिकवायला कोणी तयार नाही. आमच्याकडे तेव्हा पद्धत अशी की मास्तर वाजवताना पाठ करून उभा राहायचा, बटणांवरची बोटं दिसू नयेत म्हणून. लग्नाची सुपारी आपल्या हातात राहिली पाहिजे, पोरगं शिकलं की उद्या आपला बँड काढेल ही भीती. मी एकाला विचारलं वरचा सूर कसा काढायचा, तर तो म्हणाला ओठ मागे ताण, हसल्यासारखे दात दाखव आणि जोर लाव. मी पंधरा दिवस तसं केलं. वैशाखातली लग्नं, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, वरच्या ओठातून रक्त यायला लागलं, वरातीत माऊथपीसला रक्त लागलेलं बघून नवरदेवाच्या मामाने मला बाजूला काढलं. त्या दिवशी जेवायलाही आम्हाला मांडवाबाहेर आणि सगळ्यांच्या शेवटी बसवलं होतं, वरण-बट्टी गार झाली होती आणि मला तर चावताही येत नव्हतं.

तिथे दुसऱ्या बँडचे एक मास्तर होते, मुलीकडच्या बाजूने आलेले. त्यांनी माझा ओठ बघितला. म्हणाले, "दात कसाले दखाडस रे? व्हट ढिला सोड, हवा पोटमाइन येऊ दे." तेवढंच. मग दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं. आठ दिवस ट्रंपेटला हातच लावू दिला नाही, नुसता माऊथपीस, तोही ओठ बरा झाल्यावर. पुढची चार वर्षं मी त्यांच्याकडे जात होतो, लग्नसराई संपली की रोज, श्रावणात कानबाई देवीची मिरवणूक असली की तिथे त्यांच्या शेजारी उभं राहून. एक पैसा घेतला नाही. आणि मास्तर कधीच पाठ करून वाजवायचे नाहीत, उलट मुद्दाम माझ्याकडे तोंड करायचे आणि बोटं हळू टाकायचे. सनईच्या जोडीला सूर धरणारा माणूस गालात हवा ठेवून नाकाने श्वास कसा घेतो ते दाखवायला मला एका सनईवाल्याकडे घेऊन गेले होते, म्हणाले हे पितळेवर पण जमतं. खूप वर्षांनी समजलं की टेरीने याच श्वासावर पुस्तक लिहिलंय आणि तो एका हातात ट्रंपेट, दुसऱ्या हातात फ्लुगलहॉर्न (ट्रंपेटच्याच जातीचं वाद्य) घेऊन आलटून पालटून वाजवायचा. मास्तरांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

मास्तरांच्या हाताखालून किती पोरं गेली असतील, मीच वीस-बावीस मोजू शकतो. एक सुरतला, एक पोलिस बँडमध्ये, दोघं इंदूरकडे, बाकीचे इथेच. डीजे आल्यापासून बरेच सुटले, कोणी रिक्षा चालवतो, माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पण ओठ ढिला सोडायला सगळ्यांना त्यांनीच शिकवलं.

गेल्या वर्षी मास्तर गेले. मी स्वतः दहा-बारा ओळी लिहून, फोटो घेऊन पेपरच्या तालुक्याच्या ऑफिसात गेलो. मला सांगितलं बातमी होणार नाही, श्रद्धांजलीची जाहिरात द्या, आणि दराचं कार्ड समोर ठेवलं. मी म्हटलं जाहिरात नको, या माणसाने चाळीस वर्षं पोरांना शिकवलं ही बातमी आहे. तर विचारलं, कुठे वाजवलं त्यांनी, काही पुरस्कार वगैरे? मी काय सांगणार. उठून आलो. म्हणून काल ती "काही काळ" वाली ओळ वाचल्यावर मला ते टेबल आणि ते कार्ड आठवलं. साहेब, तिकडच्या माणसाचंही शिकवणं तुम्हाला एका ओळीचं वाटतं आणि इकडच्या माणसाचं तर तेवढंही नाही.

टेरीची शेवटची वर्षं तरी बघायची होती. डायबेटीसने नजर गेली, दोन्ही पाय कापावे लागले, आणि तरी पलंगावर पडून जस्टिन कॉफ्लिन नावाच्या अंध पियानोवाल्या पोराला तो रात्ररात्र शिकवत होता, तोंडाने सूर म्हणून दाखवत. त्यावर २०१४ ला माहितीपट आला, त्याच्या निर्मात्यांमध्ये तोच क्विन्सी जोन्स. फेब्रुवारी २०१५ ला टेरी गेला तेव्हा ९४ वर्षांचा होता. एलिंग्टनचा बँड म्हणजे माझं विद्यापीठ असं तो म्हणायचा, म्हणजे स्वतःला मिळालं तेही त्याने शिक्षण म्हणूनच मोजलं.

अजून एक, तुम्ही छापलेल्या फोटोखाली "ट्रंपेट वाजवताना" लिहिलंय. ते ट्रंपेट नाही, फ्लुगलहॉर्न आहे. नळी पुढे रुंद होत जाते, अंग जाडसर दिसतं, आवाज मऊ येतो. जॅझमध्ये या वाद्याला मान मिळवून देणाऱ्यांत टेरी अगदी पुढे होता, त्यामुळे ही चूक साधी नाही, दुरुस्ती छापावी. आणि हेही लिहितो, आमच्या गावातल्या एका शाळेत तीन ट्रंपेट आणि एक मोठा ड्रम किती वर्षं कपाटात कुलूपबंद आहेत, मी फुकट शिकवतो म्हणून दोनदा अर्ज दिला, उत्तर नाही. १५ ऑगस्टला स्पीकरवर रेकॉर्ड लावून मुलांना चालवतात. व्हॉल्व्ह जाम झाले असतील आतापर्यंत, तेल तरी टाकू द्या म्हटलं, तेही नाही.

मास्तरांचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलं नाही, तक्रारीच्या कागदावर त्यांचं नाव नको असं त्यांच्या मुलीचं म्हणणं पडलं आणि मलाही ते पटलं. सोबत वेगळा कागद जोडलाय, त्यावर नाव, गाव, गेल्याची तारीख आणि त्याच दहा-बारा ओळी आहेत, मागे फोटो. फोटोत त्यांच्या हातात ट्रंपेटच आहे. जागा कमी असेल तर माझं हे पत्र छापू नका, तो कागद छापा.

आपला,
एक जुना वाचक
पारोळा, जि. जळगाव