वर्कशॉपच्या कर्जाबाबत आई-बाबांना पत्र

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,

साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या वर्कशॉपसाठी एका मोबाइल ॲपवर आलेल्या एक लाखाच्या कर्जाच्या प्रस्तावाचा आपण पाठवलेला फोटो मी नीट वाचला. त्यात ‘दरमहा फक्त दीड टक्का’ असे ठळक छापले आहे. परंतु हे व्याज बारा महिने मूळ लाखावरच आकारले जाणार असून, आपण दरमहा मुद्दल फेडत असलात तरी ते कमी होणार नाही. हप्ता 9,833 रुपयांचा आहे आणि 3 टक्के प्रोसेसिंग फी व तिच्यावरील जीएसटी आधीच कापून घेतल्यावर हातात 96,460 रुपयेच पडतील. घटत्या शिल्लकेवर, म्हणजे दरमहा उरणाऱ्या मुद्दलावर हिशेब केला, तर हा दर वर्षाला 39 टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्या गल्लीतल्या भिशीवाल्यांनीही एवढे मागितले नसते!

ऑनलाइन कर्ज मुळातच वाईट असते, असे माझे म्हणणे नाही. बँक जिथे घराचे कागद मागते, तिथे या कंपन्या जीएसटी विवरणपत्रे आणि खात्यातील उलाढाल पाहून कर्ज देतात, आणि ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला हा मोठाच आधार आहे. मात्र रिझर्व्ह बँकेने 2022 साली घालून दिलेल्या नियमांनुसार, सर्व खर्च धरून वार्षिक दर किती पडतो हे दाखवणारे विवरणपत्र करारापूर्वी द्यावे लागते, रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जमा करावी लागते आणि ॲपला फोनमधील संपर्कयादी पाहता येत नाही. या ॲपने नेमकी तीच परवानगी मागितली आहे, आणि कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोणती, हे कुठेही लिहिलेले नाही. तेव्हा ते फोनमधून काढूनच टाकावे.

आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे, हे तिने फोनवर सांगितले. सोनेतारण यापेक्षा स्वस्त पडेल हे खरे; पण अडचण भांडवलाची नसून अडकलेल्या बिलांची आहे, असे मला वाटते. शिरोलीच्या त्या फाउंड्रीकडे (ओतकामाच्या कारखान्याकडे) आपण करून दिलेल्या तीन महिन्यांच्या मशिनिंगचे पैसे थकले आहेत. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांत चुकते करावे लागते, आणि आता ही मुदत उलटूनही बिल मार्चअखेर थकलेलेच राहिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची प्राप्तिकरात वजावटही मिळत नाही. जो काम देतो त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार, हा आपला प्रश्न मला मान्य आहे. म्हणून तक्रार न करता, बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक (लघु उद्योग म्हणून सरकारकडे केलेल्या नोंदणीचा) छापून त्यांच्या हिशेबनिसाला मार्चअखेरीच्या आत या वजावटीची आठवण द्यावी. ती गोष्ट त्याला लगेच कळेल.

त्याच्या जोडीला आपल्या बँकेत कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तेवढे पैसे उचलण्याच्या सोयीसाठी अर्ज करू. सूक्ष्म व लघु उद्योगांना किमान 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तरी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. व्यवस्थापकांनी तरीही घराचे कागद मागितले, तर नकाराचे कारण लेखी मागावे. गेल्या दोन वर्षांची जीएसटी विवरणपत्रे, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि खातेउतारा आईने एका फाइलमध्ये लावून ठेवावा. मी शनिवारी येतो आहे. सोमवारी सकाळी आपण दोघे मिळून बँकेत जाऊ.

आपला,
सुहास