आधी कड वाचा : सुभेदारसाहेबांना आभाराचं पत्र

आदरणीय सुभेदारसाहेब,

सप्रेम जय हिंद.

पदक हातात आलं की आधी त्याची कड वाचायची, माणसाचं नाव सगळ्यात शेवटी शोधायचं, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीरपणे लिहितोय, कारण सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या घरांमध्ये पहिल्या महायुद्धातली पदकं अजून ट्रंकेच्या तळाशी आहेत आणि ती कुणाची हे घरातल्यांनाही सांगता येत नाही. तुमची पद्धत त्यांच्याही हाती लागावी.

बहुतेक ठिकाणी सापडतं ते ब्रिटिश वॉर मेडल. व्यास ३६ मिलिमीटर, एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष आणि १९१४ व १९१८ ही सालं. लढाऊ शिपायाचं पदक चांदीचं. हेच पदक ब्राँझचंही निघालं. ते लेबर कोअर (मजुरांची पथकं) आणि पलटणीसोबतच्या बिनलढाऊ माणसांना मिळालं, म्हणून ब्राँझचं दिसलं की नकली समजून बाजूला टाकू नये, हे तुम्ही बजावलंत. पंखवाल्या देवीचं व्हिक्टरी मेडल बऱ्याचदा सोबत असतं. त्याचंही नाव कडेवर असतं. १९१४-१५ च्या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर मात्र ते पाठीवर.

कड वाचण्याआधी चिंच नाही, राख नाही, पॉलिश नाही. अक्षरं ठोकलेली पण उथळ असतात आणि प्रत्येक घासणीत थोडी थोडी जातात. अंधाऱ्या खोलीत बॅटरी आडवी धरायची, दहापट भिंग लावायचं आणि पदक फिरवत सात-आठ फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतलं शेवटचं अक्षर यायलाच हवं, नाहीतर नंबरातला आकडा दोनदा मोजला जातो. मग व्हर्नियर कॅलिपरने तीन दिशांनी व्यास मोजायचा. कुठे अर्धा मिलिमीटर कमी भरला, तर जुनं नाव कानशीने काढून नवं ठोकलं असल्याचा संशय घ्यायचा. गळ्यात घालायला कडी जोडलेली असेल तर त्या जोडाखाली एखादं अक्षर दबलेलं असू शकतं. पण कडी काढायला पदक तापवायचं नाही.

कडेवर क्रम असा असतो: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. नवख्याची चूक इथेच होते. तो नाव घेऊन शोधायला बसतो. पण ते नाव दुसऱ्याच कुणीतरी ऐकून रोमन लिपीत उतरवलेलं असतं. चव्हाण कुठे 'चवान' होतो, कुठे 'चौहान', आणि वडिलांचं नाव बहुधा नसतंच. नंबर त्या मानाने भरवशाचा, पण तो सगळ्या सैन्यात एकमेव नसे, पलटणीपुरताच असे. त्यामुळे नंबर आणि पलटण ही जोडी फोडायची नाही. पलटणीच्या नावात इंग्रजीत 'मराठा' लिहिताना मध्ये एक जादा 'एच' असे. तो घातला नाही तर शोध कोरा येतो.

तुम्ही पाठ करून घेतलेली यादी आता आम्हाला झोपेतही आठवते. कडेवरचे पलटणींचे नंबर जुने असतात. सैन्याच्या १९२२ च्या फेररचनेत १०३ वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली (आपली जंगी पलटण), १०५ वी दुसरी (काली पांचवी), ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी बेळगावची प्रशिक्षण बटालियन. कडेवर '१११ महार्स' दिसलं तर ती १९१७ साली उभी राहिलेली आणि १९२१ मध्ये मोडलेली पलटण. आजच्या महार रेजिमेंटमध्ये तिची सलग कागदपत्रं शोधत बसू नये.

यानंतर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेची, मृतांची यादी. ती फुकट पाहता येते. तिथे नंबर आणि पलटण टाकायची. नशिबाने 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी' एवढं मिळतं. इराकमधल्या बसरा स्मारकावर ४० हजारांहून जास्त माणसांची आठवण आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावं भिंतीवर कोरलीच नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा दिला. म्हणून भिंतीचा फोटो पाहून 'आमचा माणूस यात नाही' म्हणायचं नाही, नोंदवहीच पाहायची. हा अन्याय सांगताना तुमचा आवाज बदलायचा, ते आम्ही विसरणार नाही.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी इराकमधल्या कुतच्या वेढ्यात होत्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. या पलटणींतल्या माणसाच्या मृत्यूची तारीख त्यानंतरची असेल तर कैदेतला मृत्यू शक्य धरायचा, पण लगेच पक्का मानायचा नाही. या पलटणी पुन्हा उभ्या राहिल्या होत्या, त्यामुळे तो माणूस नव्या पलटणीतलाही असू शकतो.

आणि यादीत नाव नाहीच मिळालं तर? तर तो बहुधा घरी परतला. पदक म्हणजे हुतात्मा नव्हे, हे तुमचं वाक्य. परतलेल्याचा माग गावातच काढायचा: पेन्शनचं जुनं पुस्तक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावचं रेजिमेंटल सेंटर, 'या गावातून इतके गेले, इतके पडले' असं सांगणारी संगमरवरी पाटी. पाटीवर नावं नसतात, पण आकडा मिळतो आणि म्हाताऱ्यांची आठवण तिथून सुरू होते. पंजाबच्या भरतीची लाहोरला सापडलेली रजिस्टरं आपल्या कामाची नाहीत, हेही तुम्ही वेळेत सांगितलंत, नाहीतर आठवडे वाया गेले असते.

यासाठी तुम्ही कुणाकडून एक पैसा घेतला नाहीत. अंधुक फोटो पाठवला तर रागावलात, पण आकडा तीनचा की आठचा यावर भिंग घेऊन तासभर बसलात.

एक मागणं आहे. आडनावांची रोमन रूपं तुम्ही ज्या वहीत उतरवून ठेवली आहेत, तिच्या पानांच्या कडा आता झिजल्या आहेत. पुढच्या रविवारी येतो, ती स्कॅन करून घेऊ द्या. वही तुमच्या टेबलावरून हलवणार नाही.

आपले,
तुमच्याकडून कड वाचायला शिकलेले आम्ही सगळे