समुद्र वर्गात आणणाऱ्यांचे आभार

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत संग्रहालयातून पेट्या घेऊन आलेल्या सर्व ताई-दादांचे मनापासून आभार.

आमची मुलं समुद्राकाठची. शंख-शिंपले त्यांना नवे नाहीत. पण तुम्ही समुद्रफेस हातात दिलात, मोडून भिंगाखाली धरायला सांगितलंत, आणि त्यातले बारीक कप्प्यांचे थर पहिल्यांदा दिसले. हे एका माकुळासारख्या प्राण्याचं आतलं कवच. कप्प्यांतलं पाणी कमी-जास्त करून तो पाण्यात वर-खाली होतो, हे बादलीभर पाणी घेऊन तिसरीच्या मुलांना पटवणं सोपं नव्हे. तुम्ही ते केलंत.

कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, वेळी तर बहारच आली. पोटाखालची झडप निमुळती असेल तर नर, रुंद असेल तर मादी, हे आमच्या एका विद्यार्थ्याला घरूनच ठाऊक होतं. दादांनी लगेच ट्रे त्याच्याकडे दिला आणि पुढचं त्यालाच सांगू दिलं. एरवी वर्गात गप्प बसणारं पोर त्या दिवशी खुलून बोललं. शिक्षिका म्हणून या एका गोष्टीसाठी मी तुमची कायम ऋणी आहे.

पहाटे जिवंत कुर्ल्या पोचवणाऱ्या मावशींचे, पेट्या उचलून आणणाऱ्या पालकांचे आणि नाव सांगायलाही न थांबलेल्या टेम्पोवाल्या काकांचेही आभार. भिंगं शाळेला ठेवून गेलात, ती रोज वापरात आहेत.

पुढच्या खेपेला उधाणाच्या ओहोटीला या. खडकावरची कालवं मुलं तुम्हाला दाखवतील, आणि जेवण आमच्याकडे!