तरंगते म्हणून ती होडी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात लष्कराचे ‘कपिध्वज’ हे पाण्यातही चालणारे वाहन दिसले आणि त्याच वर्षी पंजाबच्या पुरात तशीच वाहने लोकांना बाहेर काढताना दिसली. तेव्हापासून उभयचर वाहनांविषयी मराठीत बरेच छापून येते. ही वाहने जमिनीवर आणि पाण्यात सारख्याच सहजतेने चालतात, असा सूर त्यात असतो. तो चुकीचा आहे, आणि पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांसाठी धोक्याचाही आहे. उत्तर अमेरिकेत अशी सहा-आठ चाकांची छोटी वाहने जुनी घेऊन दुरुस्त करण्याचा छंद रुजलेला आहे. असे वाहन एकदा पूर्ण उघडून पुन्हा जोडले की पाण्यात त्याची मर्यादा काय, हे आपोआप कळते. म्हणून ती दुरुस्तीच इथे थोडी सविस्तर मांडतो.

इथे कॅनडात, ओंटारिओतल्या न्यू हॅम्बर्गमध्ये १९६७ पासून ‘आर्गो’ बनते. अमेरिकेतल्या बफेलोची ‘मॅक्स’ही हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये पुष्कळ दिसते. रचना साधारण एकच: खाली प्लास्टिकचा एकसंध टब, त्यात लोखंडी चौकट, इंजिन, गिअरलेस स्कूटरमध्ये असतो तसा बेल्टवर चालणारा व्हेरिएटर, पुढे गिअरबॉक्स आणि तिथून प्रत्येक एक्सलला चेन. स्प्रिंग नाहीत, शॉक अॅब्सॉर्बर नाहीत. ते काम मऊ टायर करतात. चाके वळत नाहीत. एका बाजूला ब्रेक लावला की वाहन त्या बाजूला घसटत वळते.

विकत घेणारा बहुधा आधी इंजिन सुरू करून पाहतो. आमच्या मते इंजिन सगळ्यात शेवटी पाहावे. ते बिघडले तर दुरुस्त होते किंवा बदलता येते. वाहन पाण्यात उतरण्याच्या लायकीचे आहे की नाही, हे टब आणि एक्सलच्या बेअरिंगवर ठरते.

टब कशाचा आहे ते आधी ओळखा. कडेचा नखाएवढा तुकडा काढून पाण्याच्या पेल्यात टाका. तरंगला तर पॉलिएथिलीन, बुडाला तर बहुधा एबीएस हे दुसऱ्या जातीचे प्लास्टिक. एबीएसवर अॅसिटोनचा थेंब टाकला की पृष्ठभाग चिकट होतो. पॉलिएथिलीनला काही होत नाही. एबीएसची चीर त्याच प्लास्टिकचा चुरा अॅसिटोनमध्ये विरघळवून भरता येते. पॉलिएथिलीनवर मात्र फायबरग्लास, एपॉक्सी, सिलिकॉन यांपैकी काहीच धरत नाही. जुन्या टबवर सिलिकॉनचे थर दिसले तर आधीच्या मालकाने गळती झाकली आहे, एवढाच अर्थ घ्यावा. तिथे वेल्डिंगच करावे लागते. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचे भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळत नाही. चीर इंग्रजी ‘व्ही’सारखी खरवडा, उन्हाने पांढरा पडलेला थर काढा आणि गरम हवेच्या गनने सुमारे ३०० अंशांवर त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी भरा. कांडी आणि टब दोन्ही एकाच वेळी चमकदार, ओले दिसायला हवेत. फक्त कांडी वितळली तर जोड बोटाने उचकटून निघतो. फरशीखाली जुना फोम असेल तर बाहेर काढून वजन करा, कारण पाणी प्यायलेला फोम तरंगायला मदत करण्याऐवजी ओझे होतो.

आता बेअरिंग. प्रत्येक एक्सलला बहुधा दोन असतात, एक आत चौकटीवर आणि एक बाहेर, टबच्या भिंतीपाशी. म्हणजे सहा चाकांना बारा, आठ चाकांना सोळा. बाहेरचे बेअरिंग पाण्याच्या पातळीखाली फिरते आणि पाणी अडवायला तिथे एक रबरी सील आणि गॅस्केट एवढेच असते. प्रत्येक चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा, मग हाताने फिरवा. खडखड, खरखर किंवा ढिलेपणा जाणवला तर ते बेअरिंग गेले. ग्रीस दुधासारखे पांढरट निघाले तर पाणी आत शिरले आहे. आज आवाज नसला तरी पुढच्या हंगामात गंज बोलेल.

गंजलेले बेअरिंग एक्सलला चिकटून बसते. घाई करू नये. बेअरिंग एक्सलवर पकडून ठेवणाऱ्या कड्याचा (लॉकिंग कॉलर) स्क्रू काढून गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, मग बेअरिंग ओढून काढणारा पुलर लावावा. उष्णता द्यायची तर टबपासून लांब आणि पेट्रोलची टाकी काढून. एक्सलच्या टोकावर हातोडा मारला तर टोक फुगते आणि नवे बेअरिंग चढत नाही. बरीच मापे इंचात असतात: १ इंच म्हणजे २५.४ मिमी, त्यामुळे २५ मिमीचे बेअरिंग ‘जवळपास तेच’ म्हणून आणू नये. एक्सल साफ केल्यावर सील जिथे घासते तिथून नख फिरवा. नख अडकले तर तिथे खाच पडली आहे आणि नवे सीलही लवकरच गळेल. तिथे पातळ स्लीव्ह (धातूची नळी) चढवावी किंवा सील दोन-तीन मिमी सरकवून बसवावे. बसवल्यावर पाण्याने न धुपणारे ग्रीस, चाक फिरवत, हळूहळू भरावे. ग्रीस गन जोरात दाबली तर दाबाने सीलच बाहेर ढकलले जाते. पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी पुन्हा ग्रीस द्यायचे, कारण आत शिरलेले थोडे पाणी त्याबरोबर बाहेर पडते.

चेन ५० नंबरची असेल तर २४ कड्यांची लांबी नवी असताना ३८१ मिमी भरते. ती ३८८.६ च्या पुढे गेली, म्हणजे दोन टक्क्यांहून ताणली, तर चेन बदलायची आणि स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात झिजून हुकासारखे वाकडे झाले असतील तर तेही. चेन जोडणाऱ्या कडीची क्लिप बसवताना तिचे बंद टोक चेनच्या चालीच्या दिशेने. इथल्या हिवाळ्यातला एक खास बिघाड म्हणजे टबात साचलेले पाणी गोठून चेन बर्फात अडकतात आणि मालक तसाच अॅक्सिलरेटर दाबतो. मग चेन तुटते, नाहीतर दात. म्हणून वाहन ठेवताना तळाची बुचे नेहमी काढून ठेवतात.

एका बाजूची सगळी चाके चेनने बांधलेली, म्हणजे एकाच वेगाने फिरणारी. त्यात एका टायरमध्ये हवा कमी असली तर त्याचा घेर लहान होतो, टायर घसटतो आणि तो ताण चेनवर येतो. हवा साधारण ३ ते ५ पीएसआयच असते, त्यामुळे मोटारीचा गेज इथे निरुपयोगी. ० ते १० चा वेगळा गेज घ्यावा.

इंजिनाबद्दल थोडक्यात: थंड करणाऱ्या पंख्याच्या झाकणाखाली उंदराचे घरटे असते का पाहा, पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या सगळ्या बदला (इथेनॉलने त्या फुगतात) आणि जुन्या टू-स्ट्रोकला क्रँकची सील नवी टाका. ती वाळली की हवा जास्त ओढली जाते आणि पिस्टन जाम होतो. मॅक्समधल्या बोर्ग-वॉर्नरच्या टी-२० गिअरबॉक्सचे तेल मात्र विकत घेण्याआधीच तपासा. त्याचे सुटे भाग बेअरिंग-चेनसारखे कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

सगळे जोडण्याआधी, इंजिन आणि वायरिंग बाहेर असतानाच, टब ठोकळ्यांवर ठेवून आतून एक्सलच्या वरपर्यंत पाणी भरा. ठोकळे तळाखाली, आत चौकट टेकते तिथे, सारखे द्या, कारण पाण्याचे वजन काही शे किलो होते. तासाभराने बाहेरून प्रत्येक फ्लँज (एक्सल टबबाहेर येतो तिथली बेअरिंगची बैठक) कोरड्या कागदाने टिपा. तळ्यात जाऊन गळती शोधण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे. रंगरंगोटी यानंतर.

आता मूळ मुद्दा. पाण्यात ही वाहने टायरच्या नक्षीने पाणी ढकलत जातात. वेग ताशी ४ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११० सेंटिमीटर. प्रवाह त्याहून वेगवान असेल तर सुकाणू कितीही फिरवा, वाहन प्रवाहाबरोबर जाणार. कंपनीच्या पट्टीवर भारक्षमतेचे दोन आकडे असतात आणि पाण्यातला आकडा जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. काठ चढताना वजन मागे जाते, मागची कड खाली बसते आणि पाणी आत येते. बूच लावायला विसरले तर पाव मीटर खोलीवरच्या २५ मिमीच्या भोकातून मिनिटाला ४० लिटरच्या घरात पाणी शिरते. ताशी ५०० गॅलनचा पंप कागदावरही मिनिटाला ३२ लिटरच उपसतो. लष्कराचे वाहन मोठे आहे, चालवणारे प्रशिक्षित आहेत, पण तेही टायरनेच पाणी कापते.

भारतात तीन वर्षांहून जुने वापरलेले वाहन आयात करू देत नाहीत, त्यामुळे जुनी आर्गो मागवण्याचा विचार तिथल्या वाचकांनी सोडून द्यावा. परदेशातल्या मराठी वाचकांनी हा छंद जरूर करावा, शांत तळ्यात, लाइफ जॅकेट घालून. ओंटारिओत २०२२ पासून नावा रस्त्याने नेण्याआधी बुचे काढून पाणी आणि शेवाळ साफ करणे कायद्याने बंधनकारक आहे. हाच शिरस्ता या वाहनांसाठीही पाळावा. मात्र आधी तळावरचे चेनचे तेल टिपून घ्यावे आणि बूच काठापासून दूर उघडावे.

संपादक महोदय, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये पुरातून माणसे काढणारी बोट उलटली, ती क्षमतेहून जास्त माणसे बसल्यामुळे. सांगली-कोल्हापूरच्या वाचकांपुढे अशा वाहनाची बातमी येईल तेव्हा जमिनीवरच्या वेगाशेजारी पाण्यातला वेग आणि पाण्यातली भारक्षमता हे दोन आकडेही छापावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक
वॉटर्लू, ओंटारिओ (कॅनडा)