ओजसच्या हॉकीविषयी

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर विषय निघाला आणि आई गप्प झाली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. ओजसचे नाव आम्ही आइस हॉकीत घातले आहे. शुल्क भरले, स्केट्सही आणले. तुम्हाला आधी विचारायला हवे होते, हे मान्य आहे. पण तुम्ही नको म्हणाला असतात आणि मग तुमचा शब्द मोडणे मला अधिक जड गेले असते.

बाबा, इथे कॅनडात आला होतात तेव्हा टीव्हीवर हॉकीच्या सामन्यात पाहिलेली ती मारामारी तुमच्या मनातून गेलेली नाही, हे मला ठाऊक आहे. मलाही ती आवडत नाही. परंतु तेरा वर्षांखालील मुलांना इथे प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देण्याची मुभाच नाही. शिवाय चेहरा पूर्ण झाकलेला असतो आणि गळ्याला संरक्षक पट्टा असतो. आमच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये दादाची भुवई फुटली, तेव्हा त्याच्या डोक्यावर साधी टोपीही नव्हती.

ओजसला वेड लावले ते प्लेऑफने, म्हणजे मोठ्यांच्या व्यावसायिक लीगच्या हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांनी. सातपैकी चार सामने जिंकले की एक फेरी सरते. अशा चार फेऱ्या, म्हणजे सोळा विजय मिळवणाऱ्यालाच स्टॅन्ली कप हा विजेतेपदाचा करंडक. बरोबरी झाली तर पहिला गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांची जादा सत्रे चालतात. त्याच त्या प्रतिस्पर्ध्यांशी दोन आठवडे झुंजल्यावर मालिका संपते आणि दोन्ही संघ समोरासमोर रांगेत येतात. हातमोजे काढलेले, दाढ्या वाढलेल्या, एखाद्याच्या ओठाला ताजे टाके. कोणी नुसता हात मिळवतो, कोणी छातीवर थोपटून कानात दोन शब्द बोलतो.

२०२४ च्या अंतिम फेरीत आमचा एडमंटनचा संघ फ्लोरिडाकडून आधी तीन सामने हरला, मग सलग तीन जिंकला आणि २४ जूनला सातवा २-१ असा गमावून बसला. आमचा कर्णधार कॉनर मॅकडेव्हिड हरूनही प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण ते पारितोषिक घ्यायला तो बर्फावर परतला नाही. त्याआधी रांगेत मात्र त्याने हात मिळवले होते. ओजस हुंदके देत होता, तरी रांग संपेपर्यंत त्याने टीव्ही बंद करू दिला नाही. बाबा, खासबागेत मला खांद्यावर बसवून तुम्ही कुस्त्या दाखवायचात आणि चितपट झालेल्याला हात देऊन उठवणाऱ्या पैलवानासाठी दोनदा टाळ्या वाजवायला लावायचात, ते मला तेव्हा आठवले.

एक गोष्ट मात्र सांगायला जीभ रेटत नव्हती. हॉकीचा हंगाम ऐन हिवाळ्यातला, त्यामुळे यंदा डिसेंबरात आमचे येणे होणार नाही. जुलैत शाळा बंद असतात. तेव्हा चांगले महिनाभर राहू. तोवर स्वयंपाकाच्या मावशी दोन्ही वेळा येतील, त्यांचे पैसे मी परस्पर देते आहे. त्यांना नाही म्हणू नका. गिझरवाल्यालाही सांगून ठेवले आहे.

बाबा, प्लेऑफ लागले की तुमच्याकडे सकाळी सकाळी सामना दिसेल. आधी रक्तदाबाची गोळी, मग टीव्ही. जादा सत्र लागले तर उठून जरा चालून यावे.

आई, तू अजून रागावली असशील तर राहू दे, पण गुडघ्याचा पट्टा बांधत जा. पहिल्या सामन्याच्या दिवशी मी व्हिडिओ कॉल लावीन. हेल्मेटमुळे तोंड दिसणार नाही, तेव्हा नऊ नंबरचा सदरा पाहा आणि दृष्ट तिथूनच काढ.

तुमची,
बेबी